‘व्हेरी’चं वजन

इंग्रजी पत्र क्रियाविशेषणाने संपतं. ‘युअर्स फेथफुली’, ‘युअर्स सिन्सिअरली’, ‘युअर्स ट्रूली’. वर मजकूर कसलाही असो, सहीच्या आधी लिहिणारा निष्ठेची, प्रामाणिकपणाची नाहीतर खरेपणाची ग्वाही देतो. कर्जाचा अर्ज फेटाळणारी बँक फेथफुली असते आणि जागा रिकामी करायची नोटीस धाडणारा वकीलही फेथफुलीच. आपल्या सरकारी आणि शाळकरी पत्रांखालचा ‘आपला विश्वासू’ हा त्याच शब्दाचा मराठी अवतार. ज्याला ‘डिअर सर’ म्हटलं त्याच्याशी फेथफुली, ज्याला नावाने संबोधलं त्याच्याशी सिन्सिअरली, असा ब्रिटिश शिरस्ता. अमेरिकी वकिलांच्या पत्रांत ‘व्हेरी ट्रूली युअर्स’ अजून आढळतं. त्यातली गंमत अशी की ‘व्हेरी’चा मूळ अर्थही ‘खरा’ असाच आहे. म्हणजे वकीलसाहेब खरंच खरोखर आपले असतात, आणि तरीही आपण फीची पावती मागून घेतोच.

हे छोटं पुस्तक अशा शब्दांविषयी आहे. व्हेरी, रिअली, सो, क्वाइट, टोटली, अटर्ली, लिटरली, डीपली, हायली वगैरे. व्याकरणात त्यांची वर्णी क्रियाविशेषणांत लागते, पण क्रिया कशी, कुठे, केव्हा घडली हे सांगणं त्यांचं काम नसतं. तारेचे दिवस आठवून पाहा. दर शब्दाला पैसे पडत, तरी ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या तारेत ‘इमिजिएटली’चे पैसे लोक मुकाट्याने भरत, कारण तो शब्द गाळला तर मुलगा पुढच्या आठवड्यात निघायचा. ‘व्हेरी सीरियस’मधल्या ‘व्हेरी’वर मात्र सहसा कोणी खर्च करत नसे. तार उघडतानाच घरच्यांचे हात कापत असत. आणखी जोर कशाला लावायचा?

मग जिथे शब्दाला पैसे पडत नाहीत तिथे, म्हणजे पत्रात, निबंधात, कादंबरीत, याचिकेत, जाहिरातीत, हे शब्द एवढे का येतात? माझं उत्तर असं आहे. जोराचं क्रियाविशेषण वस्तूचं माप सांगायला फारसं कामाचं नाही. वाचक आपल्यावर किती विश्वास ठेवेल याबद्दल लिहिणाऱ्याला काय वाटतं, ते मात्र त्यावरून नेमकं कळतं. ‘इट वॉज व्हेरी कोल्ड’ वाचून थंडी किती अंश होती ते समजत नाही. ‘इट वॉज रिअली, रिअली व्हेरी कोल्ड’ वाचून मात्र एवढं नक्की समजतं, की सांगणाऱ्याला आपण त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ अशी धास्ती आहे.

‘व्हेरी’चा इतिहासच याला साक्ष आहे. लॅटिन ‘व्हेरुस’ म्हणजे खरा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हेराय’ आणि तिथून इंग्रजीत ‘व्हेरी’. ‘व्हर्डिक्ट’ आणि ‘व्हेरिफाय’ हे त्याचे भाऊबंद. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या सुरुवातीला नाइटचं वर्णन करताना हा शब्द वापरला आहे, तिथे ‘खराखुरा’ असा अर्थ घ्यायचा की ‘अत्यंत’ असा, यावर वाद घालता येतो. शब्द एका अर्थातून दुसऱ्यात पाऊल टाकताना सापडावा, अशी ती जागा आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, येशू महत्त्वाचं काही सांगण्याआधी ‘व्हेरिली’ दोनदा म्हणतो. मुळात तिथे ‘आमेन’ आहे, मराठी बायबलमध्ये ‘खचित’, तेही दोनदा. शपथ म्हणून जन्मलेला शब्द पुढे इतका झिजला, की आज कोणी कागदावर नुसतं ‘व्हेरी नाइस’ लिहून पाठवलं तर ती स्तुती आहे की बोळवण, हे कळायला मार्ग नसतो.

त्याच्या आधी ही जागा रिकामी नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘स्विथे’ होता, मूळ अर्थ ‘बळाने’. तो गेला. मग ‘वेल’, ‘फुल’, ‘राइट’ यांनी आपापला काळ गाजवला आणि त्यानंतर ‘व्हेरी’ने बस्तान बसवलं. आता त्याच्या मागे ‘रिअली’ लागला आहे, आणि ‘रिअली’ म्हणजे पुन्हा ‘खरोखर’च. रीका इतो आणि सॅली टॅग्लियामाँटे यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली बोली तपासून २००३ साली जो लेख लिहिला, त्यात ही बदली चालू असताना दिसते. म्हातारी माणसं ‘व्हेरी’ला धरून आहेत, तरुण ‘रिअली’कडे वळलेत. टॅग्लियामाँटे यांनीच पुढे, २००५ साली, ख्रिस रॉबर्ट्स यांच्यासोबत ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेचे संवाद मोजले, तर तिथे ‘सो’ आघाडीवर निघाला. गेलेले शब्द परतही येतात. मध्ययुगातला ‘वेल’ हल्लीच्या ब्रिटिश पोरांच्या तोंडी ‘वेल गुड’मध्ये पुन्हा ऐकू येतो, आणि त्यांच्या मास्तरांना तो अडाणीपणा वाटतो.

खरेपणाचे शब्द संपले की इंग्रजी भीतीकडे वळते. ऑफुली, टेरिबली, ड्रेडफुली, फ्राइटफुली. ‘ऑफुली काइंड’ असलेल्या माणसात भिण्यासारखं काही नसतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नकोच. ‘भयंकर सुंदर’ म्हणणारे आपणच.

‘लिटरली’ची कथा मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण या एका शब्दावरून सुशिक्षित इंग्रज माणूस जेवढा चिडतो तेवढा दुसऱ्या कशावरून चिडत नसावा. ‘शब्दशः’ असा अर्थ असलेला शब्द, आणि लोक तो नेमका शब्दशः खरं नसलेल्या गोष्टीसाठी वापरतात. ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारा समोर जिवंत उभा असतो. २०१३ साली ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या लक्षात आलं की ऑक्सफर्डच्या कोशाने या सैल अर्थाची नोंद घेतली आहे, आणि भाषा बुडाल्याची ओरड झाली. वास्तविक अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरने ही नोंद १९०९ सालीच केली होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातलं या अर्थाचं सर्वांत जुनं उदाहरण तर १७६९चं आहे, फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या ‘द हिस्टरी ऑफ एमिली माँटेग्यू’ या कादंबरीतलं. तेव्हा ‘आजकालची मुलं’ या सदरात हा गुन्हा नोंदवता येत नाही. आणि आपण तरी ‘बातमी ऐकून मी अक्षरशः कोसळलो’ लिहिताना जमिनीकडे कुठे पाहतो?

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मधली (१९१४) शेवटची कथा ‘द डेड’. तिचं पहिलंच वाक्य लिली नावाच्या मोलकरणीची धावपळ सांगतं, आणि त्यात हाच सैल ‘लिटरली’ आहे. शुद्धलेखनाच्या मास्तराने तिथे लाल शाई लावली असती. ह्यू केनर या समीक्षकाने ‘जॉइसेस व्हॉइसेस’ या १९७८च्या पुस्तकात त्याचं मर्म दाखवून दिलं. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी तो शब्द निवेदकाचा नाही, लिलीचा आहे. तिला कोणी विचारलं असतं तर ती असंच म्हणाली असती. अवतरणचिन्ह नाही, ‘लिली म्हणाली’ नाही, फक्त एका क्रियाविशेषणावरून वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते कळतं. जोराचे शब्द सरसकट खोडून टाका असं सांगणाऱ्यांनी हे एक वाक्य समोर ठेवून विचार करावा.

बोलताना इंग्रजीत जोर द्यायला क्रियाविशेषणाची गरज मुळात कमीच पडते. त्या भाषेत आघात फिरवला की काम होतं. एकाच वाक्यात ‘आय’वर जोर दिला तर एक अर्थ, क्रियापदावर दिला तर दुसरा. कागदावर तो आघात दिसत नाही. व्हिक्टोरिया राणीने त्यावर आपला उपाय काढला होता. तिच्या पत्रांत शब्दामागून शब्द अधोरेखित केलेले असतात, काही तर एकाहून जास्त रेघांनी. छापखान्यात त्याच रेघांची तिरपी अक्षरं होतात. ज्याला रेघा मारणं उथळ वाटतं आणि उद्गारचिन्ह त्याहून उथळ, त्याच्यापाशी एक क्रियाविशेषणच उरतं, आणि ते कुठे ठेवायचं हा खरा प्रश्न सुरू होतो.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या जागेच्या प्रश्नावर आहे, ते उगाच नाही. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ आणि ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. पहिल्याचा अर्थ ‘मला ते मुळीच आवडत नाही’, दुसऱ्याचा ‘मला ते तितकंसं आवडत नाही’. फरक एवढाच की पहिल्यात ‘रिअली’ नकाराच्या बाहेर उभा आहे आणि नकारालाच बळ देतो. दुसऱ्यात तो नकाराच्या तावडीत सापडला आहे, म्हणून जे नाकारलं गेलं ते आवडणं नव्हे, खूप आवडणं आहे. भाषांतर करणाऱ्या किंवा कराराचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाला या एका जागेवरून फार मोठा फटका बसू शकतो. ‘वी कम्प्लीटली डिसअग्री’ म्हणजे भांडण. ‘वी डोन्ट कम्प्लीटली अग्री’ म्हणजे बोलणी चालू ठेवायला हरकत नाही. ‘नॉट व्हेरी गुड’ हा तर स्वतंत्र नमुना आहे. तर्काने पाहिलं तर त्याचा अर्थ ‘चांगलं आहे, पण फार नाही’ असा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो ‘वाईट आहे’ असा होतो. इंग्रज परीक्षकाने निबंधाखाली तसं लिहिलं असेल तर विद्यार्थ्याने पेढे वाटायला जाऊ नये.

मग प्रश्न जोडीचा. इंग्रजी माणूस ‘फर्मली’ बिलीव्ह करतो, ‘डीपली’ रिग्रेट करतो, ‘स्ट्राँगली’ अपोज करतो आणि शिफारस मात्र ‘हायली’ करतो. थंडी ‘बिटरली’ असते, झोप ‘फास्ट’ असते, जाग ‘वाइड’ असते. या जोड्यांना नियम नाही, वहिवाट आहे. त्या पाठ कराव्या लागतात. ‘व्हेरी’ कुठेही चालतो म्हणून शिकणारा सगळीकडे ‘व्हेरी’ लावतो, आणि लिखाण बरोबर असूनही परकं वाटतं. त्यातही ‘व्हेरी कोल्ड’ होतं, ‘व्हेरी फ्रीझिंग’ होत नाही, कारण ‘फ्रीझिंग’मध्ये थंडीचं टोक आधीच आलेलं असतं, टोकाला ‘ॲबसोल्यूटली’ लागतो. हे एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

‘अटर्ली’वर एक खास टीप हवी. ‘अटर’ म्हणजे मुळात बाहेरचा, म्हणून ‘अटर्ली’ म्हणजे पार शेवटच्या हद्दीपर्यंत. बिल लाउ या अभ्यासकाने १९९३ सालच्या एका निबंधात संगणकावर साठवलेल्या मोठ्या इंग्रजी मजकुरात या शब्दाचे शेजारी तपासले, तर ते बहुतेक सगळे वाईट निघाले: हास्यास्पद, निरर्थक, चुकीचं अशा जातीचे. शब्दकोशात ‘अटर्ली’चा अर्थ ‘पूर्णपणे’ एवढाच असतो. तो कुणाच्या संगतीत वावरतो हे कोश सांगत नाही. लाउचं पुढचं म्हणणं अधिक तिखट आहे: अशा शब्दाची नेहमीची संगत मोडलेली दिसली की एक तर लिहिणारा उपरोधाने बोलतो आहे, नाहीतर त्याच्या मनात वेगळंच काही आहे. पण या नियमाला मुंबईने आधीच एक तिसरी वाट काढून ठेवली होती. १९६६च्या सुमारास सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेने अमूलसाठी जी मोहीम सुरू केली, तिच्यात ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ हे शब्द आले. त्यातला ‘बटर्ली’ सिल्व्हेस्टर यांच्या पत्नी निशा यांनी सुचवला असं सांगतात. लोण्याला शेपूट जोडून केलेलं हे क्रियाविशेषण कोणत्याही कोशात नव्हतं. वाईट शेजाऱ्यांत वाढलेला ‘अटर्ली’ या गमतीदार सोबत्यामुळे एकदम घरचा झाला, आणि इंग्रजीचा एक शब्दही धड न येणारी माणसं तो म्हणू लागली. उपरोध नाही, लबाडी नाही. निव्वळ यमकाने जुनी संगत सुटली.

आता सल्ला देणाऱ्यांबद्दल. विल्यम स्ट्रंक यांची ‘एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही पुस्तिका कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी १९१८ साली निघाली. त्यांचेच विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली ती वाढवली, आणि वाढवलेल्या भागात ‘रादर’, ‘व्हेरी’, ‘लिटल’, ‘प्रिटी’ या शब्दांना जळवा ठरवलं. त्यानंतर अमेरिकेत लेखनाच्या वर्गांत ‘व्हेरी’ शोधून खोडणं हा नित्यनेम झाला. जेफ्री पुलम या भाषावैज्ञानिकाने २००९ साली, त्या पुस्तकाच्या पन्नाशीनिमित्त, त्यातल्या व्याकरणाची सालटी काढली. मला वाटतं व्हाइटवर थोडा अन्याय झाला आहे. ज्या परिच्छेदात तो हे शब्द टाळायला सांगतो, त्याच परिच्छेदाच्या शेवटी त्याने ‘लिटल’, ‘व्हेरी’ आणि ‘प्रिटी’ एकाच वाक्यात मुद्दाम घालून ठेवले आहेत. विनोद होता, शिष्यांनी तो आदेश म्हणून घेतला. स्टीफन किंगने २०००च्या ‘ऑन रायटिंग’मध्ये क्रियाविशेषणांवर जो राग काढला, त्याचाही असाच विपर्यास होतो. त्याचा मुख्य रोख ‘ही सेड मेनसिंगली’ यासारख्या, संवादामागे शेपटीसारख्या येणाऱ्या शब्दांवर आहे. ‘व्हेरी’चा खटला वेगळा आहे.

खटल्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. लान्स लाँग आणि विल्यम क्रिस्टेनसन यांनी २००८ साली अमेरिकी अपील न्यायालयांतल्या लेखी युक्तिवादांत ‘क्लिअरली’, ‘ऑब्व्हियसली’, ‘व्हेरी’ असे शब्द मोजले. ते जास्त वापरणारे अपीलकर्ते हरण्याकडे जास्त झुकलेले दिसले. शब्दांमुळे हरले असं यातून सिद्ध होत नाही. बाजू लंगडी असते तेव्हाच वकिलाला ‘क्लिअरली’ची आठवण होते, हे स्पष्टीकरण मला अधिक पटतं. ज्या मुद्द्यासाठी निवाडा हाताशी असतो, तिथे निवाड्याचा क्रमांक लिहितात. जिथे काहीच नसतं तिथे ‘उघडच आहे’ असं लिहितात.

बायका असे शब्द फार वापरतात, हा आरोप या विषयाइतकाच जुना आहे. लॉर्ड चेस्टरफील्डने १७५४ साली ‘व्हास्टली’ या शब्दावरून आपल्या काळातल्या फॅशनेबल स्त्रियांची टर उडवली: इवल्याशा तपकिरीच्या डबीलाही त्या ‘व्हास्टली’ लहान म्हणतात, म्हणून. ओटो येस्पर्सन हा थोर डॅनिश व्याकरणकार. त्याने १९२२ साली ‘द वुमन’ नावाच्या प्रकरणात चेस्टरफील्डचा दाखला पुन्हा आनंदाने दिला. ‘फ्रेंड्स’च्या अभ्यासातही ‘सो’ स्त्रीपात्रांच्या तोंडी जास्त आहे. मला यात टिंगलीचं कारण दिसत नाही. ज्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात कोणी खरं मानत नाही, त्याला जोर लावून सांगावं लागतं. आणि ज्याने आज नवा शब्द आणला, त्याचाच शब्द उद्या सगळे वापरतात.

शेवटी आपल्या इंग्रजीविषयी, कारण हे पुस्तक तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या घरांतल्या नातवंडांसाठी आहे. ‘आय ॲम व्हेरी मच प्लीज्ड’ ऐकून हल्लीचा इंग्रज हसतो. त्याच्याच देशात एकेकाळी काटेकोर लोक नुसत्या ‘व्हेरी प्लीज्ड’ला चूक मानत आणि मध्ये ‘मच’ हवाच म्हणून बसत. आपण तो धडा प्रामाणिकपणे गिरवला, त्यांनी सोडून दिला. ‘टू गुड’मधला ‘टू’ मात्र आपला. ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर. आपण तो ‘खूप’च्या जागी बसवतो, आणि यजमानीण ‘युअर डॉटर इज टू ब्यूटिफुल’ ऐकून क्षणभर गोंधळते. निसिम इझिकेल हे मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले कवी. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा हात होता. आपल्या एका कवितामालेला त्यांनी ‘व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश’ असं नाव दिलं. ‘इंडियन’ला ‘व्हेरी’ लागू नये. माणूस भारतीय असतो किंवा नसतो. इझिकेलनी तो लावला आणि नागरिकत्वाचा स्वभाव करून टाकला.

आणि ‘ओन्ली’. ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ हा इंग्रजी ‘फक्त’ नव्हे, तो आपला ‘च’ आहे: ‘मी इथेच राहतो’. ‘टुडे इटसेल्फ’ म्हणजे ‘आजच’. इंग्रजीत हे काम आवाजाच्या आघाताने होतं; मराठीत, हिंदीत त्यासाठी शब्दाला चिकटणारं अव्यय असतं. बोलणाऱ्याने आपल्या भाषेतली सोय दुसऱ्या भाषेत सोबत नेली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, बँकेच्या अर्जात, परदेशी संपादकाला पाठवायच्या लेखात तो ‘ओन्ली’ काढा असं मी पुढच्या पानांत सांगितलं आहे, आणि त्याजागी काय लिहायचं तेही दिलं आहे. पण दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या एखाद्या पात्राच्या तोंडी संवाद लिहीत असाल, तर काढू नका. ते पात्र ‘ट्रेन विल कम नाऊ ओन्ली’ म्हणणार. जॉइसची लिलीही तिच्या जागी असंच बोलली असती, आणि कथालेखक जाणता असेल तर निवेदनातसुद्धा तो ‘ओन्ली’ कुठेतरी हळूच डोकावेल.